कोरड्या वाटेचे टायर आणि पाऊस

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सध्या अमेरिकेतील मिशिगन राज्यात अभियंता आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचे एक पत्र आम्हांस आले. एका सहकाऱ्याबरोबर तो 'ड्रॅग रेसिंग' नावाची मोटारींची शर्यत पाहावयास गेला होता. हा सहकारी नुसता प्रेक्षक नव्हे. आपल्याच मोटारीस शर्यतीचे टायर चढवून तो ती घरून मैदानापर्यंत चालवीत नेतो, तेथे शर्यतीत पळवितो आणि तिच्यातच बसून घरी परततो. त्या दिवशी परतताना पाऊस लागला. ताशी ४५ मैलांच्या वेगाने जात असता, रस्त्यावर साचलेल्या बोटभरही खोल नसलेल्या पाण्यावर गाडीची मागची बाजू एकाएकी सरकली आणि अर्धी गिरकी घेऊन गाडी कडेच्या गवतात उभी राहिली. सुदैवाने समोरून कोणी येत नव्हते आणि कोणास इजा झाली नाही. पत्राच्या शेवटी त्याने विचारले होते, "सर, टायर इतके रुंद, इतके मऊ, शिवाय इतके महाग, मग पाण्यावर त्यांनी असा दगा का दिला? आपण शिकविलेल्या घर्षणाच्या धड्यात याचे उत्तर मला सापडले नाही."

धडा आम्हीच शिकविला असल्याने उत्तर देणे आम्हांस भागच होते. ते त्यास पत्राने कळविलेच. परंतु बेळगावच्या पावसात वाहने चालविणाऱ्या पालकांसही ते उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

प्रथम ही शर्यत म्हणजे काय ते पाहू. सरळ व सपाट मार्गावर दोन मोटारी शेजारीशेजारी उभ्या करतात. खूण होताच त्या सुटतात आणि पाव मैलाचे, म्हणजे १,३२० फुटांचे अंतर जी आधी कापील ती जिंकते. वळण नाही, फेरी नाही. सर्वांत शक्तिमान गाड्यांसाठी २००८ पासून हे अंतर १,००० फुटांवर आणले आहे. त्या ते चार सेकंदांच्या आत तोडतात आणि त्या वेळी त्यांचा वेग ताशी ५०० किलोमीटरांच्या पुढे गेलेला असतो! एवढ्या थोड्या वेळात सारा खेळ पकडीचा. यंत्राने चाक कितीही जोराने फिरविले, पण चाकाने जमीन धरली नाही, तर ते जागच्या जागी गरगरते आणि शर्यत तेथेच संपते.

म्हणून या गाड्यांच्या मागच्या टायरांची रचना निराळी असते. आपल्या नेहमीच्या टायरांवर असते ती खाचांची नक्षी त्यांवर मुळीच नसते. ते शाळेतल्या नव्या खडूसारखे गुळगुळीत असतात. खाच म्हणजे जमिनीस न टेकणारी जागा, आणि कोरड्या मार्गावर अशी जागा वाया गेलेलीच म्हणावयाची. रबर अतिशय मऊ घेतात, त्यामुळे ते वाटेवरील बारीक खडीच्या कणाकणांत दाबले जाऊन बसते. हवा कमी भरतात, म्हणजे टायर चपटा होऊन त्याचा अधिक भाग जमिनीस टेकतो. टेकणाऱ्या क्षेत्रावर घर्षण अवलंबून नसते, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. लाकडाच्या ठोकळ्यास तो नियम बऱ्याच अंशी लागू पडतो. मऊ रबर मात्र तो काटेकोरपणे पाळीत नाही, कारण ते घासण्याबरोबर चिकटतही असते.

गंमत अशी की या शर्यतीत पाणी मुद्दाम वापरतात. सुरुवातीच्या रेषेच्या मागे थोडे पाणी ओतलेले असते. चालक मागची चाके त्यात भिजवून जोराने फिरवितो. ओले असल्यामुळे ती प्रथम सहज घसरतात. मग पाणी उडून जाते, धूर निघतो, रबर तापून चिकट होते आणि त्यावरील माती-खडे निघून जातात. अशी चाके कोरड्या मार्गावर आली की गाडी सज्ज झाली. पण आकाशातून तेच पाणी चार थेंब पडले, तर शर्यत थांबवितात आणि मार्ग यंत्रांनी वाळवून घेतात. फॉर्म्युला वनच्या गाड्यांस पावसासाठी खोल खाचांचे वेगळे टायर असतात; ड्रॅगच्या मैदानावर तसला उपाय नाही, वाट पाहणे हाच उपाय. १९५५ साली कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा पावसाने असा व्यत्यय आणला की अखेरच्या फेऱ्या कित्येक आठवड्यांनी, नोव्हेंबरात, अॅरिझोनाच्या कोरड्या प्रदेशात जाऊन पुऱ्या कराव्या लागल्या.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पकड ही टायरच्या अंगी असते असे आपण समजतो, ते बरोबर नाही. ती टायर आणि रस्ता यांच्यामध्ये असते, आणि त्यासाठी दोघांचा स्पर्श व्हावा लागतो. मध्ये पाणी आले की स्पर्श होण्यापूर्वी ते बाजूस सारावे लागते. हे काम केवढे असते याचा हिशेब वहीवर करून पाहा. ताशी ४५ मैल म्हणजे सेकंदास सुमारे २० मीटर. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे आणि टायर १८ सेंटिमीटर रुंद आहे असे धरले, तर एका चाकास दर सेकंदास जवळजवळ ११ लिटर पाणी सारावे लागते. टायर २८ सेंटिमीटर रुंद असेल तर सुमारे १७ लिटर, म्हणजे सेकंदाला एक बादली! आणि त्यास वेळ तरी किती मिळतो? जमिनीस टेकलेला भाग १५ सेंटिमीटर लांब असला, तर रस्त्यावरील एखाद्या ठिकाणावरून तो सेकंदाच्या साडेसात सहस्रांशात निघून जातो.

साध्या टायरच्या खाचा म्हणजे या पाण्यासाठी काढलेले पाटच होत. गुळगुळीत टायरला पाट नाहीत. पाण्यास निघण्यास वाट मिळाली नाही की ते टायरच्या पुढे पाचरीसारखे साचते. वेग दुप्पट केला तर या पाचरीचा दाब चौपट होतो. तो वाढत वाढत टायरमधील हवेच्या दाबास पुरून उरला की चाक जमिनीवरून उचलले जाते आणि पाण्यावर तरंगत जाते. यास 'हायड्रोप्लेनिंग' म्हणतात. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांच्या बाबतीत हा धोका फार मोठा. म्हणून अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेत वॉल्टर हॉर्न आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा अभ्यास केला व १९६३ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांचे सूत्र सुटसुटीत आहे. टायरमध्ये दर चौरस इंचास जितके पौंड दाब असेल, त्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्यास १०.३५ ने गुणावे; येणारा आकडा म्हणजे चाक तरंगू लागण्याचा वेग, ताशी मैलांत. ३६ पौंड दाबास तो ६२ मैल येतो, २५ पौंडास सुमारे ५२ आणि १६ पौंडास अवघा ४१. टायर गुळगुळीत असेल, किंवा खाचांच्या खोलीहून पाणी अधिक असेल, तेव्हा हे सूत्र लागू पडते. गाडीत आणखी चार माणसे बसविली तर ती तरंगणार नाही, असे कोणास वाटेल. पण वजन वाढले की टायर अधिक चपटा होतो, टेकणारी जागा वाढते आणि जमिनीवरील दाब जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून सूत्रात वजनाचा उल्लेखच नाही. पुढे असेही दिसून आले की टेकणारा भाग आखूड व रुंद असेल तर चाक याहूनही लवकर उचलले जाते.

उत्तर लिहिण्यापूर्वी आम्ही त्या विद्यार्थ्यास एकच गोष्ट विचारली होती: मागच्या टायरांत हवा किती होती? शर्यतीसाठी ती १६ पौंडांवर आणली होती आणि निघताना पुन्हा भरावयाची राहून गेली, असे त्याने कळविले. ४१ आणि ४५ हे आकडे शेजारी ठेवले की गवतात उभी राहिलेली गाडी डोळ्यांपुढे येते.

यात आणखी एक मेख आहे. त्या गाडीची पुढची चाके साध्या टायरांची होती, त्यांत हवाही पुरेशी होती. म्हणून सुकाणूचक्र हाती घट्ट लागत होते आणि सारे ठीक आहे असा चालकाचा समज होता. सुटली ती मागची चाके, आणि यंत्राचा जोरही त्यांच्यावरच. पुढची चाके तरंगली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. मागची तरंगली तर ती स्वतःभोवती फिरते, आणि आधी सूचना म्हणून काही देत नाही. अशा टायरांपैकी काहींवर रस्त्यावर वापरण्याची परवानगी असल्याची मोहोर असते, थोड्या उथळ खाचाही असतात. मोहोर पाहून पुष्कळ लोक फसतात. ती परवानगी कायद्याची असते. पावसाशी तिचा संबंध नाही.

असे टायर असता पावसात सापडलेल्याने काय करावे? जवळ निवारा असेल तर थांबावे. हे सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. चालावेच लागले तर हवा भरून घ्यावी, वेग निम्म्यावर आणावा, पुढच्या वाहनाच्या चाकांनी पाणी सारलेल्या पट्ट्यांवरून जावे आणि यंत्राचा वेग, ब्रेक व वळण यांपैकी काहीही एकदम करू नये. पहिली सर विशेष घातक, कारण रस्त्यावरील तेल व धूळ तिने भिजतात पण वाहून जात नाहीत.

आपल्याकडे ड्रॅगचे टायर कोण लावतो, असे पालक म्हणतील. लावीत नाही खरे, पण झिजवून तयार करतो! आंबोली किंवा चोर्ला घाटात भर जुलैत गोटा झालेल्या टायरांची वाहने आम्ही स्वतः पाहिली आहेत. त्यांत ड्रॅगच्या टायरचा मऊपणाही नसतो. गुळगुळीतपणा तेवढा असतो. टायरच्या खाचांत तळाशी आडव्या उंचवट्याच्या लहान पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीस आली, म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलावा. घरच्या गाडीखाली वाकून मुलांनी त्या शोधून काढाव्यात. घरी गाडी नसेल तर जुनी झिजलेली रबरी चप्पल घालून न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर सांभाळून एक पाऊल टाकून पाहावे.

विद्यार्थ्याचे दुसरे पत्र दिवाळीच्या सुमारास आले. सहकारी आता साध्या टायरांची दोन चाके मागे गाडीतच ठेवतो आणि शर्यत आटोपली की मैदानावरच बदलतो. त्यास अर्धा तास लागतो, आणि तोवर आमचा विद्यार्थी त्याच्या हाती पाना आणि जॅक देत बसतो.