स्पारिंगच्या दिवशी हॉलवर जाऊन बसा

पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी भागातले पालक बॉक्सिंगबद्दल दोनच प्रश्न विचारतात. वडील म्हणतात, ‘यात पुढे काय?’ आई म्हणते, ‘डोक्याला मार बसला तर?’ आईचा प्रश्न आधी घ्यायला हवा, कारण त्याचं उत्तर नीट मिळालं नाही तर वडिलांच्या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

स्पारिंग म्हणजे रिंगमध्ये जोडीदाराबरोबरचा सराव. ती मारामारी नव्हे, आणि स्पर्धाही नव्हे. तिथे कोणी जिंकत नाही, हरत नाही. नव्या मुलाला पहिले काही महिने रिंगमध्ये कोणासमोर उभंच करायचं नसतं. उभं राहणं, पाय हलवणं, गार्ड वर ठेवणं, आरशासमोर शॅडो बॉक्सिंग, मग बॅग, मग सरांच्या हातातले पॅड, असा तो क्रम. त्यानंतरही पहिलं स्पारिंग बांधलेलं असतं. एकाने फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायचा, दुसऱ्याने फक्त चुकवायचा. मोकळं स्पारिंग त्याच्या पुढचं, आणि तेही मोजकं. ‘आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच फाइट’ अशी जाहिरात करणाऱ्या क्लबकडे मी तरी पोराला पाठवणार नाही.

स्पर्धेत वजनगटाप्रमाणे १० किंवा १२ औंसांचे ग्लोव्ह्ज असतात. सरावात १४ किंवा १६ औंसांचे, म्हणजे जास्त गादीचे वापरावेत. माउथगार्ड आणि हेडगार्डशिवाय स्पारिंग नाही, हे घरातूनच ठरवून टाका. मात्र हेडगार्ड घातलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याने भुवई फुटणं, कान सुजणं वाचतं; कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. मोठ्या पुरुष गटातून २०१३ पासून हेडगार्ड काढलं गेलं, तेव्हा हाच वाद रंगला होता.

डोक्याला फटका बसून लढत थांबवावी लागली, तर त्या खेळाडूला किमान ३० दिवस ना लढत, ना स्पारिंग, असा स्पर्धेचा नियम आहे. पुन्हा पुन्हा तसं झालं तर ही बंदी महिन्यांवर आणि वर्षावर जाते. पण गल्लीतल्या क्लबात स्पारिंगला डॉक्टर उभा नसतो, म्हणून हा नियम तुम्हालाच पाळायचा आहे. घरी आल्यावर डोकं दुखतंय, उलटी होतेय, उजेड सहन होत नाही, तेच तेच विचारतोय, असं दिसलं तर ‘मर्द हो’ म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि सरांना कळवा. त्यावर सर चिडले, तर क्लब बदला.

स्पर्धेच्या तयारीत मला जास्त काळजी वाटते ती ठोशांपेक्षा वजनाची. लढतीच्या दिवशी सकाळी वजन होतं, आणि खालच्या गटात बसवण्यासाठी मुलांना उपाशी ठेवून, पाणी तोडून, प्लॅस्टिकचे कपडे घालून पळवलं जातं. वाढत्या वयात हे सरळ नुकसान आहे. पाणी आटलेल्या शरीराने डोक्यावर मार घेणं तर अधिकच धोक्याचं. वजन दोन किलो जास्त भरलं तर वरच्या गटात खेळू द्या, हरला तर हरू द्या. १५-१६ वर्षांच्या मुलांच्या लढतीत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, १७ वर्षांपासून त्या तीन-तीन मिनिटांच्या होतात. तेवढा वेळ पाय आणि दम टिकवायला पोटात अन्न लागतं.

आता वडिलांचा प्रश्न, ‘यात पुढे काय?’ ऑलिम्पिकमधून बॉक्सिंग जाणार, अशी दोन-तीन वर्षं धाकधूक होती. मार्च २०२५ मध्ये २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी ते पक्कं झालं. पुण्याची देविका घोरपडे २०२२ मध्ये स्पेनमध्ये ५२ किलो गटात युवा जगज्जेती झाली. पुण्यातच २००१ पासून आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे. लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीत लहान वयात निवड झाली की राहणं, जेवण, शाळा, सराव सगळं तिथेच, आणि पुढे फौजेची वाट. तुमच्या घरापासून बालेवाडीचं क्रीडासंकुलही लांब नाही.

पण प्रत्येक पोरगी देविका होणार नाही. म्हणून कागद सांभाळा. राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे; रेल्वे, पोलीस, सैन्यदलातही खेळाडूंची भरती होते. पद जितकं वरचं, तितकी स्पर्धेची पातळी वरची लागते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते. इथेच चाकण-भोसरीत पाळ्या करून फी भरणारे आई-बाप फसतात. हॉटेलच्या हॉलमध्ये भरवलेल्या ‘इंटरनॅशनल’ स्पर्धेचं चकचकीत पदक पडताळणीत टिकत नाही. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: या स्पर्धेचं प्रमाणपत्र ५ टक्के आरक्षणाला चालतं का? शंका वाटली तर क्रीडा कार्यालयात विचारा. शालेय स्पर्धा मात्र सोडू नका. मनपा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी ती चढण आहे, आणि दहावी-बारावीला सवलतीचे गुणही त्यातूनच मिळतात. ज्याला लढण्यापेक्षा शिकवणं जमतं, त्याला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा (एनआयएस) प्रशिक्षक अभ्यासक्रम आहे.

बॉक्सिंग सुटलं तर सगळं संपलं, असं वाटणाऱ्यांसाठी पिंपरी-चिंचवडचेच मुरलीकांत पेटकर आहेत. लष्करातले हे बॉक्सर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, पोहायला लागले, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. त्यांनी नोकरी केली ती टेल्को कंपनीत; म्हणजे खेळाबरोबर पोटाची सोयही लागते. शाळा, आयटीआय, डिप्लोमा जे काही चालू असेल ते स्पर्धेसाठी तोडायचं नाही, हे मी त्यांच्याकडे बघूनच सांगतो.

प्रवेश घेण्याआधी एवढं करा: स्पारिंगच्या दिवशी हॉलवर जा आणि शेवटपर्यंत बसा. थकलेल्या मुलाला सर स्वतःहून बाहेर काढतात की ‘अजून एक राउंड’ म्हणून ओरडतात, ते पाहा. पहिल्या प्रकारचे सर असतील तरच फी भरा.