संगणकीय दप्तराची जोडणी : बिघाड ओळखण्याची रीत

शाळेची पटनोंदणी, ग्रामपंचायतीची करआकारणी किंवा ग्रंथालयाची देवघेव संगणकावर ठेवली जाते, तेव्हा त्या व्यवस्थेचे दोन भाग असतात. पडद्यावर दिसणारा अर्ज आणि त्यामागील आज्ञावली हा एक भाग. नोंदी प्रत्यक्ष जपून ठेवणारा डेटाबेस हा दुसरा. या दोहोंना जोडणारा दुवा अवघ्या काही ओळींचा असतो. त्यातील एखादे अक्षर चुकले की काम थांबते. क्वचित काम न थांबता चुकीच्या जागी चालू राहते, आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक होय. म्हणूनच तंत्रज्ञ नसलेल्या जबाबदार व्यक्तीनेही या दुव्याची ओळख करून घेणे हितावह आहे.

जोडणीच्या सहा बाबी

वेब ॲप्लिकेशन उभारण्याकरिता तयार सांगाडे मिळतात. त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. ‘जँगो’ हा त्यांपैकी एक. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कामासाठी एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याची उभारणी सुरू केली आणि जुलै २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला.

जँगोच्या सेटिंग्ज फाइलमध्ये डेटाबेसविषयी मुख्यतः सहा बाबी लिहाव्या लागतात : डेटाबेसचा प्रकार, त्याचे नाव, वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द, तो ज्या यंत्रावर आहे त्याचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक. पत्ता म्हणजे इमारत, तर पोर्ट म्हणजे त्या इमारतीतील नेमकी खिडकी, असे समजावे. पोस्टग्रेस्क्यूएलची नेहमीची खिडकी ५४३२ क्रमांकाची, तर मायएसक्यूएलची ३३०६ क्रमांकाची असते.

संदेश काय सांगतो

जोडणी अनेक पायऱ्यांनी होते आणि बिघाडाचा संदेश कोणत्या पायरीवर अडले ते सांगतो. पोस्टग्रेस्क्यूएलचे उदाहरण घेऊ. डेटाबेसशी बोलणारा दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, बसविलेला नसेल तर काम पहिल्याच पायरीवर थांबते. यंत्राचे नाव सापडत नाही असा संदेश आल्यास पत्ता तपासावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ याचा अर्थ यंत्र सापडले, परंतु त्या खिडकीवर कोणी नाही. डेटाबेस सुरू नसेल, पोर्ट चुकला असेल किंवा डेटाबेस बाहेरच्या यंत्रांचे ऐकण्यास मोकळा केलेला नसेल.

परवलीचा शब्द नाकारला गेला, तर पत्ता व पोर्ट यांवरील पायऱ्या पार झाल्या हे निश्चित. त्या नावाचा डेटाबेस नाही असे उत्तर आले, तर ओळखही पटली. आणि ‘तक्ता अस्तित्वात नाही’ असा संदेश आला, तर जोडणी पूर्ण झाली आहे. केवळ तक्ते तयार करण्याची, म्हणजे ‘मायग्रेट’ची, आज्ञा दिलेली नाही किंवा जोडणी भलत्याच डेटाबेसशी झाली आहे. तेव्हा परवलीचा शब्द बदलत बसणे व्यर्थ होय.

‘लोकलहोस्ट’ या शब्दाने अनेकदा घोटाळा होतो. त्याचा अर्थ ‘हेच यंत्र’ एवढाच आहे. डेटाबेस दुसऱ्या यंत्रावर हलविला आणि हा शब्द तसाच राहिला, तर आज्ञावली स्वतःच्याच घरात शोध घेत राहते.

संदेश न देणारी चूक

जँगोचे नवे काम सुरू करताना एसक्यूलाइट हा डेटाबेस आपोआप निवडलेला असतो. तो एका फाइलमध्ये राहतो. त्या फाइलचा मार्ग अपुरा लिहिला असेल, तर आज्ञावली ज्या फोल्डरमधून सुरू होते तेथे ती फाइल शोधली जाते. न सापडल्यास तक्रार न करता नवी रिकामी फाइल निर्माण होते. मग तक्ता नाही असा संदेश येतो. अशा वेळी विचार न करता मायग्रेटची आज्ञा दिली, तर संदेश नाहीसा होतो, अर्ज सुरू होतो, मात्र एकही जुनी नोंद दिसत नाही.

जुन्या नोंदी बहुधा नष्ट झालेल्या नसतात. त्या मूळ फाइलमध्ये सुरक्षित असतात. खरी हानी पुढे होते. कर्मचारी रिकाम्या दप्तरात नव्या नोंदी करू लागतात आणि एकाच कार्यालयाची दोन दप्तरे तयार होतात. ती नंतर जुळविणे अत्यंत कष्टाचे असते. म्हणून नोंदी दिसेनाशा झाल्यास प्रथम नवी नोंद थांबवावी आणि जोडणी कोणत्या फाइलशी आहे ते पाहावे.

मराठी अक्षरांचा प्रश्न

यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. मायएसक्यूएलमधील तक्ता जुन्या ‘लॅटिन-१’ पद्धतीचा असेल, तर मराठी नावे नाकारली जातात किंवा त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे साठतात. प्रश्नचिन्ह साठले की त्यातून मूळ अक्षर परत मिळत नाही. यासाठी ‘यूटीएफ-८-एमबी-४’ ही पद्धत प्रारंभीच निवडावी. पुढे डेटाबेसची पद्धत बदलली तरी जुने तक्ते आपोआप बदलत नाहीत. ते स्वतंत्रपणे बदलावे लागतात.

पाळावयाची पथ्ये

दुरुस्तीपूर्वी डेटाबेसची प्रत काढून ठेवावी. एका वेळी एकच बाब बदलावी, आज्ञावली पुन्हा सुरू करावी आणि परिणाम लिहून ठेवावा. जँगोची ‘डीबीशेल’ ही आज्ञा त्याच सेटिंग्ज वापरून थेट डेटाबेस उघडते. दोष जोडणीत आहे की इतरत्र, हे तिच्यामुळे कळते. परवलीचा शब्द आज्ञावलीच्या मजकुरात न लिहिता स्वतंत्र व सुरक्षित ठेवावा.

काम करून घेणाऱ्या अधिकाऱ्याने किंवा मुख्याध्यापकाने तीन प्रश्न अवश्य विचारावेत : नोंदी नेमक्या कोठे साठतात, त्यांची प्रत कोठे आहे आणि ती प्रत पुन्हा उघडून कधी पाहिली? या प्रश्नांची लेखी उत्तरे कार्यालयात असल्यास जोडणीतील बिघाड काही वेळापुरती अडचण ठरतो. गावाच्या किंवा शाळेच्या दप्तराला त्याची झळ लागत नाही.