गुग्गुळ घेताना पारखून घ्या

ताईंनो, नवरात्र आलं की निमोण्यात घरोघरी धूप लागतो. गटानं धूप-कप करून विकायचे, तर आधी माल ओळखता आला पाहिजे.

गुग्गुळ हा कच्छ-राजस्थानकडच्या काटेरी झुडपाचा डिंक. राळ शालवृक्षाची. राळ स्वस्त, गुग्गुळ महाग. म्हणून गुग्गुळात राळ मिसळली जाते आणि पैसे आपले जातात.

पारख सोपी आहे. हरभऱ्याएवढा खडा गरम पाण्यात टाका आणि ढवळा. गुग्गुळ असेल तर पाणी दुधासारखं पांढुरकं होतं. राळ पाण्यात विरघळत नाही, खडा तसाच राहतो.

दुसरी गोष्ट झाडाची. खोल आणि वारंवार चिरा दिल्या की गुग्गुळाचं झुडूप वाळून मरतं. आज ते अतिसंकटग्रस्त झाडांच्या यादीत आहे. उदबत्तीला चिकटपणा देणारी जिगत मैदालकडीसारख्या झाडांच्या सालीची. साल खोडाभोवती पूर्ण सोलली, की तेही झाड जातं. म्हणून मोजकंच वापरा, वाया घालवू नका.

आणि धूर कुठलाही असो, छातीला त्रासच. दार-खिडकी उघडी ठेवा. पाळण्यातलं लेकरू आणि दम्याचं माणूस धुरापासून लांब ठेवा.

पुढच्या मीटिंगला प्रत्येकीनं आपल्या दुकानातला एकेक खडा आणा, भावही लिहून आणा. सगळ्यांसमोर पाण्यात टाकून बघू. मगच गटाची खरेदी ठरवू.