रानमोडीचा बंदोबस्त दिवाळीपूर्वी

भाद्रपदाचा पाऊस ओसरू लागून भात पोटरीत येते, त्या सुमारास दक्षिण कोकण व गोव्यातील बागायतदाराने खाचरावरची नजर काढून आपल्या वरकस जमिनीच्या हद्दीवरून एक फेरी अवश्य मारावी. कारण मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कोलकात्याच्या वनस्पतिउद्यानात शोभेकरिता आणलेली आणि आज आंबा-काजूच्या कलमांत व गडग्यांच्या कडेने बिनदिक्कत वहिवाट करणारी रानमोडी याच वेळी भरात असते.

समोरासमोर येणारी त्रिकोणी, दातेरी पाने, देठापाशीच फुटणाऱ्या तीन ठळक शिरा आणि पान चुरडताच येणारा उग्र दर्प, एवढ्यावरून ती ओळखावी. मोकळ्यावर ती २ ते ३ मीटर वाढते. कलमाचा आधार मिळाला तर त्याच्या फांद्यांवर रेलून आणखी वर चढते. मार्गशीर्ष-पौषात पांढुरक्या-जांभळट फुलांचे तुरे येतात आणि पुढे ४ ते ५ मिलिमीटरचे, शेंड्याला केसांचा झुबका असलेले काळे बी वाऱ्यावर स्वार होऊन शेजाऱ्याच्या सातबाऱ्याची तमा न बाळगता पसरते.

बेणणीच्या वेळी नुसता कोयता चालवून समाधान मानू नये. छाटलेल्या खुंटाशी वाकून पाहावे, म्हणजे एका काडीच्या जागी अनेक कोंब आलेले दिसतील. वणव्यानेही खोड जळते, गड्डा मात्र जिवंत राहतो, आणि वाळलेली रानमोडीच त्या वणव्याला सरपण पुरविते. म्हणून आश्विनात, जमिनीत ओल आहे तोवर, कुदळीने गड्ड्यासकट झुडूप उपटून मुळे वर करून वाळवावे. फुलण्यापूर्वीचा पाला कंपोस्टच्या खड्ड्यात खुशाल घालावा. बी धरलेला मात्र घालू नये. कोवळ्या पानांतील नायट्रेट जनावरांस बाधते, तेव्हा तो वैरणीत मिसळू देऊ नये. दाट सावलीत ही वनस्पती खुरटते, यास्तव मोकळी केलेली जागा उघडी न ठेवता तेथे गवत वा आच्छादनाचे पीक धरावे, आणि पुढील ज्येष्ठ-आषाढात उगवणारी रोपे हातानेच उपटावीत.

राहता प्रश्न सामाईक पडीक जमिनीचा. तिचे हिस्सेदार मुंबईस असतात, पण गणपतीला घरी येतात. विसर्जनानंतर परतीची गाडी धरण्यापूर्वी त्यांच्याकडून मजुरीची तजवीज करून घ्यावी, अन्यथा आपली साफ केलेली बाग त्यांच्या बियांनी फाल्गुनात पुन्हा भरेल.