श्रमदानास आधी अवजारे हवीत
मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आणि नवागतांची पहिली पायरी

तळ्यातील गाळ उपसण्यासाठी गावकरी उत्साहाने जमले, परंतु कुदळी, फावडी व घमेली शोधण्यातच दिवस मावळला, तर दुसऱ्या दिवशी किती माणसे येतील? संगणकाच्या क्षेत्रातील एका मोठ्या सार्वजनिक कार्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा आहे.

ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणासही वाचता, सुधारता व वाटता येते, ते मुक्त स्रोत सॉफ्टवेअर होय. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स यांनी आरंभिलेले लिनक्स, मोझिला प्रकल्पातून निर्माण झालेले फायरफॉक्स आणि २०१० साली सुरू झालेले लिब्रेऑफिस ही त्याची परिचित उदाहरणे. यांपैकी शेवटची दोन मराठीतूनही वापरता येतात. वेतनी तज्ज्ञांबरोबरच अनेक स्वयंसेवक या कार्यास हातभार लावतात.

अडचण कोठे येते?

संहितेत बदल करण्यापूर्वी ती आपल्या संगणकावर चालती करावी लागते. त्यासाठी संगणकभाषेची नेमकी आवृत्ती, अनेक साहाय्यक आज्ञावल्या व चाचणीची साधने एकत्र मांडावी लागतात. यालाच विकसन-परिसर म्हणतात. यांतील एकाची आवृत्ती चुकली तरी काम अडते. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या कित्येक आज्ञावल्या तिसऱ्या आवृत्तीवर जशाच्या तशा चालत नाहीत, हे याचे ठळक उदाहरण होय. अनुभवी व्यक्ती यातून मार्ग काढते. नवखा विद्यार्थी मात्र दोष स्वतःचाच आहे असे समजून माघार घेतो.

उपाय कोणते?

(१) एका आज्ञेत मांडणी : फायरफॉक्सच्या संहितेसोबत ‘बूटस्ट्रॅप’ ही आज्ञा मिळते. ती दिली असता आवश्यक साधने संगणकावर आपोआप बसविली जातात. ज्यास केवळ पडद्यावरील बटणे वा मांडणी बदलावयाची आहे, त्याला अवघड भाग आयता तयार मिळतो. त्यामुळे जुन्या संगणकावर काही तास चालणारी संपूर्ण बांधणी टळते.

(२) आवृत्तींची नोंद : कोणत्या साहाय्यक आज्ञावलीची कोणती आवृत्ती वापरावी, याची यादी संहितेसोबतच ठेवली जाते. त्यामुळे प्रत्येकाकडे सारखीच मांडणी होते.

(३) कंटेनर : २०१३ साली पुढे आलेल्या डॉकरमुळे ही पद्धत रूढ झाली. सर्व साधने एका बंदिस्त पेटीत भरलेली असतात. पेटी उघडली की काम सुरू करता येते व संगणकावरील इतर कामास बाधा पोहोचत नाही.

(४) दूरस्थ संगणक : सर्व मांडणी दूरच्या संगणकावर असते व ब्राउझरमधून काम करता येते. यास अखंड इंटरनेट लागते, तसेच विनामूल्य वापरास बहुधा मर्यादा असते.

ग्रामीण भागासाठी विशेष

कंटेनर उतरवून घेताना शेकडो मेगाबाइट, प्रसंगी त्याहूनही अधिक माहिती यावी लागते. जेथे इंटरनेट मंद आहे, तेथे शाळेने वा वाचनालयाने तो एकदाच उतरवून घ्यावा व पेनड्राइव्हद्वारे इतर संगणकांवर न्यावा. डॉकरमध्ये तशी सोय आहे. प्रकल्प चालविणाऱ्यांनीही किती जागा व किती स्मृती लागेल, हे सूचनापत्राच्या आरंभीच नमूद करणे अगत्याचे आहे. अर्ध्या वाटेवर कळण्यापेक्षा ते आधी कळलेले बरे.

शिक्षकांना एक विनंती करावीशी वाटते. विद्यार्थ्याने लिखित सूचनांप्रमाणे मांडणी करून पाहावी आणि जेथे अडखळला ती पायरी नोंदवून प्रकल्पाकडे कळवावी. जाणकारास न दिसणारी उणीव नवख्याला तत्काळ दिसते. म्हणून अशी दुरुस्ती हेदेखील मोलाचे योगदान ठरते आणि त्यासाठी प्रगत ज्ञानाची आवश्यकता नसते.

मराठी जोडाक्षर पडद्यावर तुटलेले दिसले, वा शब्दांचा क्रम चुकीचा लागला, तर तो दोष मराठी वाचणाऱ्याच्याच प्रथम लक्षात येणार. तो दूर करण्याची मुभा मुक्त स्रोताने सर्वांना दिलेली आहे. परंतु अवजारे हाती येईपर्यंत ही मुभा कागदावरच राहते. वाट सुगम झाली, तर लहान गावातील मुलांचे हातही या कार्यास लागतील, आणि त्याचा लाभ सर्व मराठी भाषकांना मिळेल.