प्रत, पाठभेद आणि घरचा संगणक

‘प्रत’ हा शब्द आपणां मराठीच्या विद्यार्थ्यांच्या कानांवर वारंवार येतो. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता त्यांत अपपाठ शिरले, तेव्हा एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण वर्गात शिकलो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या तरी अभंग लोकांच्या मुखी होते म्हणून ते तरले, असा त्या कथेचा अर्थ पुष्कळ जण लावतात. इतके शिकूनही आपल्या संगणकातील मजकुराची दुसरी प्रत ठेवावी, हे मला मात्र सुचले नाही.

प्रकल्पासाठी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. एकूण १४ मुद्रणे. ती संगणकात उतरवून घेतली आणि जागा हवी म्हणून मोबाईलवरून पुसून टाकली. दिवाळीनंतर आजी गेली. पुढे पौषात एके सकाळी संगणकाची हार्ड डिस्क खटखट करीत बंद पडली. दुरुस्ती करणाऱ्याने मान हलविली. ११ मुद्रणे गेली. ३ वाचली, तीही सरांना ऐकण्यासाठी ई-मेलने पाठविली होती म्हणून. म्हणजे ज्यांची दुसरी प्रत होती, तेवढीच उरली.

त्यानंतर बॅकअपचे सॉफ्टवेअर कसे निवडावे याचा मी जमेल तसा अभ्यास केला. तो कला शाखेच्या विद्यार्थ्यांसही उपयोगी पडावा म्हणून येथे मांडते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये फाइल आहे, म्हणजे बॅकअप झाला, असे आपण समजतो. वस्तुतः या सोयींचे मुख्य काम सर्व यंत्रांवरील मजकूर एकसारखा ठेवणे हे आहे. घरी फाइल पुसली की तिकडूनही ती जाते. कचरापेटीत साधारण ३० दिवस राहते आणि मग संपते. आरशात आपले रूप दिसते, पण आपण बाजूला झालो की आरसाही रिकामा होतो, तसेच हे.

मग खऱ्या बॅकअपच्या सॉफ्टवेअरला कोणते प्रश्न विचारावेत? मला चार महत्त्वाचे वाटतात.

पहिला, ते आपण न सांगता चालते का? जे काम रोज आठवणीने करावे लागते, ते परीक्षेच्या दिवसांत हटकून राहते.

दुसरा, ते जुन्या आवृत्त्या राखते का? प्रबंधाचे प्रकरण चुकून पुसून आपण तसेच जतन केले, तर केवळ शेवटची प्रत काय कामाची? ॲपलच्या संगणकांवर २००७ पासून असलेले टाइम मशीन गेल्या चोवीस तासांतील दर तासाची, गेल्या महिन्यातील दर दिवसाची आणि त्यापूर्वीची दर आठवड्याची प्रत ठेवते. डिस्क भरली की सर्वांत जुनी काढून टाकते.

तिसरा, प्रत परत कशी मिळते? विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, आलेली फाइल हिस्टरी साध्या फाइलींच्या रूपातच प्रती ठेवते. त्या कोणत्याही संगणकावर उघडतात. उलट डुप्लिकाटीसारखे मोफत सॉफ्टवेअर मजकुराचे तुकडे करून, हवे तर कुलूपबंद करून ठेवते. जागा वाचते, परक्याच्या हाती पडले तरी वाचता येत नाही. परंतु उघडण्यास तेच सॉफ्टवेअर आणि परवलीचा शब्द लागतो. तो शब्द विसरला की प्रत असून नसल्यासारखी.

चौथा, ते सॉफ्टवेअर उद्या राहील का? मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती पुष्कळांच्या घरी होती. ती बंद होत असल्याचे पुढे जाहीर झाले. म्हणून ज्यातून बाहेर पडणे सोपे, ते बरे.

प्रती किती असाव्यात, याविषयी ३-२-१ असा एक नियम रूढ आहे: एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. घराबाहेर का, हे पुणेकरांस सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या घरांत एका कपाटातले वाचले आणि दुसऱ्यातले बुडाले, असे थोडेच झाले असेल? शिवाय मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्रायसारखा खंडणीखोर प्रोग्रॅम जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करू शकतो. यास्तव काम झाले की डिस्क काढून ठेवावी.

या विचारांती मी घरच्या डिस्कसाठी फाइल हिस्टरी आणि महाजालावरील कुलूपबंद प्रतीसाठी डुप्लिकाटी निवडले. परवलीचा शब्द कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेवला. काम संपले असे वाटले. परंतु ‘टॉय स्टोरी २’ची हकीकत वाचनात आली. १९९८ मध्ये त्या चित्रपटाच्या फाइली चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या आणि बॅकअपही नीट होत नव्हता असे तेव्हा कळले. गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीने चित्रपट तारला. तेव्हा मीही मैत्रिणीच्या लॅपटॉपला डिस्क जोडून आजीच्या ओव्या शोधल्या. त्या नव्हत्याच! फाइल हिस्टरी ठराविक फोल्डरांच्याच प्रती घेते. माझी मुद्रणे दुसऱ्या ड्राइव्हवर होती, ती लायब्ररीत मुद्दाम जोडावी लागली. पडताळणी केली नसती तर पुन्हा तोच प्रसंग ओढवला असता. जो बॅकअप एकदाही उघडून पाहिला नाही, त्यावर विसंबू नये, हे मी यातून शिकले.

सध्या मी मावशीकडून त्याच ओव्या पुन्हा मुद्रित करते आहे. तिच्या तोंडी काही ओळी वेगळ्या येतात, काही तिला आठवत नाहीत. पाठभेदांची नोंद मी करते आहे. पण गेलेल्या ११ मुद्रणांत आजी कसे म्हणत होती, हे आता ताडून पाहता येणार नाही. वाचकांनी हा अंक मिटल्यावर आपली एक तरी अमोल फाइल दुसरीकडे उतरवून, ती उघडते का, एवढे पाहावे, इतकीच विनंती.