शांत सकाळ : एक घरगुती अभ्यास

मंडळाच्या या अंकासाठी 'दिनक्रम' हा विषय ठरला, तेव्हा त्यातली सकाळ मी मागून घेतली. माझी सकाळ चांगली असते म्हणून नव्हे; दिवसातला सगळ्यात जास्त गोंधळ माझा तिथेच होतो म्हणून.

मी खानापूरहून येतो. बेळगाव तिथून साधारण सव्वीस किलोमीटर. सात चाळीसची लाल बस मिळाली तर पहिला तास मिळतो. चुकली तर पुढच्या बसमध्ये दप्तरासकट उभं राहायलाही जागा नसते. घरात आम्ही चौघं. पप्पा गोव्यात कामाला, ते शनिवारी रात्री येतात. मम्मी एका मराठी शाळेत शिकवते आणि साडेआठला घर सोडते. भाऊ दहावीत आहे. आजीची सकाळ आम्हा सगळ्यांच्या आधी सुरू होते, पण गुडघ्यांमुळे ती आता फार उभी राहू शकत नाही. सहा ते साडेसात या दीड तासात तीन डबे, चार आंघोळी, एक गॅस आणि एक न्हाणीघर. आमच्यातल्या बहुतेकांच्या घरी आकडे थोडे इकडेतिकडे, पण गणित हेच असणार.

डिसेंबरच्या सुट्टीत मी पहाटे उठण्यावरची दोन पुस्तकं वाचली. अशी पुस्तकं आता मराठीतही भरपूर आहेत. त्यातून एक कार्यक्रम तयार केला : पाचला उठायचं, पाणी प्यायचं, दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, वहीत तीन पानं लिहायची, व्यायाम, मग वाचन. खोलीचं दार लावून. आठ दिवस मी हे नेटाने केलं आणि स्वतःवर फार खूश होतो.

नवव्या दिवशी मी डोळे मिटून बसलो असताना स्वयंपाकघरात कुकरचं झाकण पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ मम्मीचा आवाज, अर्धवट तोडलेला. मोबाइलवर चार मिनिटं उरली होती. मी उठलो नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण उठलो नाही हे खरं आहे. चार मिनिटांनी बाहेर आलो तेव्हा ती मनगट नळाखाली धरून उभी होती. वाफ लागली होती. भाऊ एक मोजा हातात घेऊन दुसरा शोधत होता. मम्मीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं तुझं? मग डबा भर की रे, बस चुकेल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

त्या दिवशी बसमध्ये मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की माझ्या खोलीतली ती दहा मिनिटं नक्की कुणाच्या खिशातून येत होती? पुस्तकांत सकाळी उठणारा माणूस एकटाच असतो. तो लिहितो, धावतो, ध्यान करतो आणि मग न्याहारी करतो. ती न्याहारी कुणी केली हे पुस्तक सांगत नाही.

आपण साहित्याचे विद्यार्थी, तेव्हा आधी आपल्या साहित्यातली पहाट बघूया. मराठीतली सगळ्यात भरघोस पहाट जात्यावर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. बहिणाबाई चौधरींची गाणी अशाच कामाच्या लयीत जमत गेली. ती पुस्तकरूपाने आली १९५२ साली, त्या गेल्यानंतर. शाळेत आपल्याला हे सगळं फार मंगल करून शिकवलं जातं : मंद दिवा, घरघर, गोड गळा. पण ती बाई एवढ्या पहाटे का उठली होती? घरात त्या दिवसापुरतं पीठ नव्हतं म्हणून. उजाडल्यावर पाणी होतं, शेण होतं, शेत होतं. ओवी हा तिच्या फावल्या वेळेचा छंद नव्हता. हात अडकलेले असताना तोंड आणि मन तेवढं मोकळं होतं, त्यातून तिने ओवी काढली. जात्याला पुष्कळदा दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात. सासर, माहेर, भाऊ, देव, सगळं त्या वेळात बोलून होई. मला यातून एक गोष्ट कळते : शांतता मिळायला काम थांबावंच लागतं असं नाही. पण काम वाटलेलं असावं लागतं.

आमचं जातं मागच्या पडवीत आहे, त्यावर मनीप्लांटची कुंडी. आजीला विचारलं, आठवण येते का गं? म्हणाली, "गाण्याची येते. जात्याची कशाला येईल?"

दुसरा धागा मला कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाला. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात इटलीत मठवासीयांसाठी एक नियमावली लिहिली. त्र्याहत्तर लहान प्रकरणं. मी कॅथलिक असून ती कधी वाचली नव्हती. वाटायचं, सगळा उपदेशच असणार. पण त्यात उठण्या-झोपण्याचा, जेवणाचा, भांड्यांचा इतका बारीक विचार आहे की एखाद्या वसतिगृहाच्या रेक्टरने लिहिल्यासारखी वाटते.

हिवाळ्यात मठवासीयांना तो पहाटेच्या बऱ्याच आधी उठवतो, पण आधी सांगतो की मध्यरात्र उलटून थोडा वेळ जाईपर्यंत त्यांना झोप मिळाली पाहिजे, म्हणजे जेवण पचलेलं असेल. थोडक्यात, लवकर उठायचं तर लवकर झोपायचं. मी बाराला झोपून पाचला उठत होतो. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. मी रोज दोन तासांची उधारी करत होतो आणि ती अर्थशास्त्राच्या तासाला फेडत होतो.

पुढे तो म्हणतो, अंगावरच्या कपड्यांत, कमरेला पट्टा बांधूनच झोपा, म्हणजे इशारा झाला की लगेच उठता येईल. मात्र कमरेचा चाकू काढून ठेवा, झोपेत लागेल. उठताना एकमेकांना हळुवारपणे उठवा, कारण झोपाळू माणसाकडे सबबी फार असतात. (माझ्या भावाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग हळुवार उठव की!")

मला सगळ्यात आवडलेला नियम वेगळाच आहे. सकाळच्या प्रार्थनेतलं पहिलं स्तोत्र जरा रेंगाळत म्हणावं, म्हणजे मागे राहिलेले तेवढ्यात येऊन पोचतील. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही लोक उशिरा यायचे, आणि ते येणारच हे धरून वेळापत्रक केलेलं होतं! यात शरीरशास्त्रही आहे. जाग आल्यावर मेंदू लगेच पूर्ण जागा होत नाही. अर्धा तास, कधी त्याहून जास्त, आपण सुस्त असतो; तेव्हाचे निर्णय मंद आणि चुकीचे होतात. आणि आपण नेमके त्याच अर्ध्या तासात ठरवायला बसतो : भाजी कसली, शर्ट कुठला, बसचा पास कुठे ठेवला. चिडचिड तिथे सुरू होते.

आणि मग पस्तिसावं प्रकरण, स्वयंपाकघराचं. मठातल्या भावांनी आळीपाळीने एकेक आठवडा स्वयंपाकघरात सेवा करायची. आजारी असेल किंवा तसंच महत्त्वाचं काम असेल तरच सूट. पाळी संपवणाऱ्याने शनिवारी सगळं धुऊनपुसून द्यायचं. वाढणाऱ्यांना जेवणाआधी थोडी भाकरी आणि पेय जास्तीचं द्यायचं, म्हणजे ते कुरकुर न करता वाढतील. मठातली शांतता मी आजवर प्रार्थनेच्या खात्यात टाकत होतो. ती निम्मी तरी या पाळीपत्रकाच्या खात्यात टाकायला हवी.

हे सगळं मी रविवारच्या जेवणात सांगितलं, पप्पाही होते. मम्मी म्हणाली, "संताला कळलं ते बरं झालं." मग आम्ही बसून ठरवलं.

ठरलं ते फार थोडं आहे. रविवारी संध्याकाळी आठवड्याच्या भाज्या ठरवून कालनिर्णयच्या चौकटीत लिहायच्या. मागच्या पानावर छापलेल्या पाककृतींचा विचार सकाळी अजिबात करायचा नाही. रात्री साडेदहापर्यंत भाजी चिरून, कपडे खुर्चीवर, दप्तर दाराशी, पास दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात. मोबाइल रात्रभर हॉलमध्ये. गजराला पप्पांचं जुनं टेबलावरचं घड्याळ. मी पावणेअकराला झोपून पावणेसहाला उठतो. मग कणीक आणि चहा एक आठवडा माझ्याकडे, एक आठवडा भावाकडे. डबे भरणं आणि ओटा पुसणं दुसऱ्याकडे. चपात्या अजून मम्मीच लाटते, कारण माझ्या चपातीचा आकार बघून भावाने डबा न्यायचंच नाकारलं. ते शिकणं चालू आहे.

सहा ते सहा दहा सगळ्यांनी मागच्या पायरीवर चहा घ्यायचा. कुणी काही ठरवायचं नाही, विचारायचं नाही. आमचं हे पहिलं स्तोत्र. भाऊ बहुतेक शेवटच्या दोन मिनिटांत पोचतो. जानेवारीत आमच्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे तेव्हा अंधारातच बसायचो. आता उजेड असतो, आणि डोळ्यांवर उजेड पडला की शरीराचं घड्याळ लागतं, सुस्ती लवकर जाते.

एका गोष्टीत मात्र आम्ही आपटलो. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं ते नेमकं सकाळी. पाण्याच्या दिवशी चहाची दहा मिनिटं कुठून आणणार? दोन आठवडे ती मोडत राहिली आणि मम्मी म्हणायला लागली, जाऊ दे रे, आपल्याला नाही जमणार. मग पाण्याच्या दिवसाचं वेगळं पत्रक केलं : त्या दिवशी पोहे किंवा उपमा, चपात्या नाहीत, आणि चहा पाइपशेजारी उभ्याने. दिवस दोन तऱ्हांचे असतील तर पत्रकंही दोन हवीत, हे मला आधी सुचायला हवं होतं. तुमच्याकडे रात्रपाळी असेल, घरात तान्हं बाळ असेल, तर तुमचंही पत्रक माझ्यापेक्षा वेगळं होईल. फक्त ते करताना घरात सगळ्यात आधी कोण उठतं त्याला समोर बसवा.

वहीतली तीन पानं मी आता बसमध्ये लिहितो. अक्षर वाईट येतं. पाचाच्या ऐवजी पावणेसहा झाले, ध्यान गेलं, व्यायाम रविवारपुरता उरला. आजी मात्र परवा चहा पिताना काहीतरी गुणगुणत होती. ओवी होती की चर्चमधलं गाणं, कळलं नाही, आणि विचारायचं नाही असा नियम असल्यामुळे विचारता आलं नाही.

उद्या पाण्याचा दिवस आहे, पोहे माझ्याकडे. कांदा चिरून ठेवलाय, कपडे खुर्चीवर आहेत. पट्टा बांधून झोपण्यापर्यंत मात्र मी अजून गेलेलो नाही.